'साऱ्या बाया नाई आल्या' म्हणजे किती आल्या?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वेचणीच्या दिवशी वडिलांचा फोन आला, 'आज साऱ्या बाया नाई आल्या.' एकही आली नाही असं समजून हे वाचक पोती न नेताच गावी परतले. शेतात मात्र बारापैकी आठ बायांनी दिवसभर वेचा केला होता आणि कापूस धुऱ्यावर उघडाच पडून होता. चूक कोणाची, आणि आपली वऱ्हाडी अशी सैल आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

बोली सैल नाही, हे आधी सांगतो. संस्थेच्या इतिवृत्तात 'सर्व सभासद उपस्थित नव्हते' असं शुद्ध प्रमाण मराठीत लिहिलं, तरी हाच पेच पडतो.

वाक्याचा अर्थ कळणं म्हणजे काय, याचं भाषाशास्त्रातल्या आकारिक, म्हणजे तर्कशास्त्राच्या काटेकोर नियमांनी चालणाऱ्या, अर्थविचाराचं उत्तर मला फार आवडतं: जग कसं असलं म्हणजे ते वाक्य खरं ठरेल, हे कळणं. बाया खरंच आल्या की नाही हे ठाऊक नसलं तरी चालतं, पण काय झालं असतं तर वाक्य खरं, हे ठाऊक हवं. म्हणून तुमच्या वडिलांचं वाक्य शेतात नेऊन तपासू. बाराही आल्या, तर ते खोटं. आठ आल्या, तर एका अर्थाने खरं, दुसऱ्याने खोटं. एकही आली नाही, तर दोन्ही अर्थांनी खरं!

शब्द तेच, क्रम तोच, मग दोन अर्थ येतात कुठून? 'साऱ्या' आणि 'नाई' यांतलं कोण कोणाला पोटात घेतं, यावरून. 'नाई'ने सगळं वाक्य कवेत घेतलं, तर 'साऱ्या आल्या हे खरं नाही', म्हणजे काही राहिल्या. 'साऱ्या' बाहेर राहिलं, तर एकेकीबद्दल 'ही आली नाही', म्हणजे शेत रिकामं. याला व्याप्ती म्हणतात. 'सर्व' आणि 'काही' यांची व्याप्ती नेमकी मांडता येईल असं तर्कशास्त्र गॉटलोब फ्रेगे यांनी 1879 मध्ये दिलं. शब्दार्थांतून वाक्यार्थ कसा उभा राहतो यावर आपल्याकडे कुमारिल आणि प्रभाकर या मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या, परंपरा त्याच्या कितीतरी आधी भांडल्या होत्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडीच्या बाजूने मला साक्षीदार हवा असेल, तर मी तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांना उभं करीन. आकारिक भाषांसाठी सत्याची काटेकोर व्याख्या करणाऱ्या आल्फ्रेड टार्स्की यांचे ते विद्यार्थी. माणसांच्या भाषा आणि तर्कशास्त्रज्ञांच्या आकारिक भाषा यांत तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा फरक नाही, असं त्यांनी 1970 मध्ये ठामपणे मांडलं. हे खरं असेल, तर 'नाई आल्या'लाही तेच गणित लागू आहे. वऱ्हाडीला गावंढळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आता चूक कोणाची? व्याकरणाने दोघेही बरोबर. पण माझा कौल वडिलांकडे जातो. खरंच कोणी आलं नसतं, तर 'एकबी नाई आली' हे नेमकं, हाताशी असलेलं वाक्य ते बोलले असते. ते बोलले नाहीत, यातच अर्धं उत्तर होतं. अशा न बोललेल्यातून निघणाऱ्या अर्थाचा विचार तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी केला. शिवाय वडिलांनी 'साऱ्या'वर जोर दिला असणार. माझ्या कानाला त्या जोराने 'काही राहिल्या' हाच अर्थ येतो. फोनवर तो निसटला असेल.

पेच टाळायचा तर मराठीत सोय आहे. 'सगळ्याच काही आल्या नाहीत' म्हटलं की शंका उरत नाही. यातला 'काही' म्हणजे 'थोड्या' नव्हे. त्याला जगायला नकार लागतो: 'नाहीत' काढून 'सगळ्याच काही आल्या' म्हणून पाहा, जीभ अडते. 'एकबी'चंही तसंच. 'एकबी बाई नाई आली' कोणीही म्हणेल, पण 'एकबी बाई आली' असं तुमच्या गावात कोणी सरळ सांगताना मिळणार नाही.