शाळा मंडळाच्या निवडणुकीने गाव बदलते का? क्रिस्टल सिटीची हकिकत

आपण विचारले आहे की नगर परिषद आणि शाळा मंडळ यांच्या निवडणुकांमुळे एखाद्या गावाचे खरोखर काही बदलल्याचे उदाहरण इतिहासात आहे का, आणि असल्यास त्या दोहोंपैकी अधिक महत्त्वाची निवडणूक कोणती. मी अनेक वर्षे शाळेत शिकवले आहे, त्यामुळे या प्रश्नावर मला सर्वप्रथम अमेरिकेच्या दक्षिण टेक्सासमधील क्रिस्टल सिटी आठवते.

सुमारे दहा हजार वस्तीचे हे गाव पालकाच्या भाजीसाठी प्रसिद्ध होते, इतके की तेथे १९३७ साली पालक खाऊन बलवान होणाऱ्या पॉपाय या व्यंगचित्रातील पात्राचा पुतळा उभारण्यात आला. लोकसंख्येत दहांपैकी आठांहून अधिक माणसे मेक्सिकन वंशाची होती. ती शेतात आणि भाजी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात राबत, आणि त्यांतील बरीच कुटुंबे वसंतात मुलाबाळांसह उत्तरेकडील राज्यांत मजुरीला जात. जमिनी, दुकाने, नगर परिषद आणि शाळा मंडळ मात्र अल्पसंख्य गोऱ्यांच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत अँग्लोंच्या, हाती होते.

याचे एक कारण पोल टॅक्स हे होते. मतदार होण्यासाठी दरवर्षी पावणेदोन डॉलर भरावे लागत, आणि शेतमजुराच्या घरात नवराबायको दोघांनी ते भरणे म्हणजे पोटाला चिमटा काढणे होते. १९६३ च्या निवडणुकीपूर्वी टीमस्टर्स ही कामगार संघटना आणि पासो ही राजकीय संघटना यांनी घरोघरी फिरून लोकांना हा कर भरायला लावले, आणि कर भरलेल्या मेक्सिकन-अमेरिकनांची संख्या अँग्लोंच्या सुमारे दुप्पट झाली. २ एप्रिल १९६३ रोजी नगर परिषदेच्या पाचही जागा त्यांच्या उमेदवारांनी जिंकल्या. टेक्सास रेंजर्स या राज्य पोलीस दलाचे सशस्त्र शिपाई गावात फिरत असताना लोकांनी हे मतदान केले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागचे धैर्य समजते. कारखान्यातील कामगार संघटनेचे कार्यकर्ते हुआन कॉर्नेहो महापौर झाले.

ही सत्ता दोनच वर्षे टिकली. निवडून आलेल्यांना कारभाराचा अनुभव नव्हता, आपापसांत मतभेद झाले, आणि १९६५ मध्ये अँग्लो आणि काही मध्यमवर्गीय मेक्सिकन-अमेरिकन यांच्या आघाडीने त्यांचा पराभव केला. माझ्या मते याहून मोठी उणीव म्हणजे शाळेला हात लागलाच नव्हता. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळा मंडळ नगर परिषदेपासून स्वतंत्र असते आणि लोक ते थेट निवडतात. आपल्याकडे नगरपालिकांच्या शिक्षण मंडळाचे सभासद नगरसेवक निवडत, तसे तेथे नाही. शिक्षकांच्या नेमणुका, अभ्यासक्रम आणि शाळेचा पैसा हे सारे त्या मंडळाच्या हातात असते.

शाळेचा प्रश्न पुढे आणला तो मुलांनी. हायस्कुलात बहुसंख्य विद्यार्थी मेक्सिकन-अमेरिकन होते, तरी खेळाच्या सामन्यांत संघाला प्रोत्साहन देणाऱ्या चार चीअरलीडरांपैकी त्यांची एकच मुलगी घेण्याची प्रथा शिक्षकांनी चालवली होती. वार्षिक समारंभाच्या राणीसाठी तर आई किंवा वडील त्याच शाळेतून शिक्षण पूर्ण केलेले असावेत अशी अट आली, आणि जी पिढी मजुरीपायी शाळा अर्धवट सोडून गेली होती तिच्या मुली आपोआप बाद झाल्या. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण रोज एकाच वर्गात बसणाऱ्या मुलीला तू या शाळेची नाहीस असे सांगणे किती खोल जाते, हे शिकवणारा माणूस जाणतो. मंडळाने गाऱ्हाणे ऐकण्यास नकार दिल्यावर ९ डिसेंबर १९६९ रोजी सेवेरिता लारा आणि तिच्या सोबत्यांच्या नेतृत्वाखाली मुले शाळेबाहेर पडली. संप जानेवारीपर्यंत चालला. टेक्सासमध्ये शाळेचे अनुदान हजेरीवर अवलंबून असल्यामुळे रिकाम्या बाकांची किंमत मंडळाला रोज मोजावी लागत होती. अखेर मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या.

त्या संपात पालक सभांना येऊ लागले होते, आणि त्यांना मतदार म्हणून संघटित करण्याचे काम याच गावात जन्मलेल्या होसे आन्हेल गुतिएरेस यांनी केले. जानेवारी १९७० मध्ये रासा उनिदा हा पक्ष स्थापन झाला. पोल टॅक्स तोपर्यंत न्यायालयाने रद्द केला होता. एप्रिल १९७० च्या पहिल्याच आठवड्यात आधी शाळा मंडळाच्या सातांपैकी तीन जागा पक्षाने जिंकल्या आणि मंडळात आधीपासून असलेल्या एका सभासदाच्या साथीने बहुमत मिळवले. तीन दिवसांनी नगर परिषदेच्या दोन जागाही मिळाल्या. गुतिएरेस मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यानंतर लहान मुलांना इंग्रजीसोबत स्पॅनिशमधून शिकवणे सुरू झाले, मेक्सिकन-अमेरिकनांचा इतिहास अभ्यासक्रमात आला, त्या समाजातील शिक्षक नेमले गेले. अनेक अँग्लो कुटुंबांनी आपली मुले त्या शाळेतून काढली, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर शाळा मंडळ असे आहे. पक्षात पुढे फूट पडली आणि १९७० चे दशक संपता संपता तो मावळला. परंतु ज्या सेवेरिता लाराने शाळकरी वयात संप केला, ती पुढे त्याच क्रिस्टल सिटीची महापौर झाली.