प्रश्न तुमचे : शेवंडाचे बीज हॅचरीत का अडते?

प्रश्न : कोळंबीचे बीज हॅचरीतून (अंडी उबवून बीज तयार करणाऱ्या केंद्रातून) हवे तेवढे मिळते. मग काटेरी शेवंडाचे (स्पायनी लॉब्स्टरचे) बीज समुद्रातूनच का धरावे लागते? मादी तर एका वेळी लाखांनी अंडी घालते.

उत्तर : अंड्यांची कमतरता कधीच नव्हती. खोळंबा होतो तो अळीपाशी. कोळंबीची अळी दहा-बारा दिवसांत पोस्ट-लार्वा, म्हणजे अळीनंतरचे पिल्लू, होते. मोठ्या पंजांच्या अमेरिकन लॉब्स्टरचेही तरंगते दिवस महिन्याभरात आटोपतात. काटेरी शेवंडाची अळी, म्हणजे फायलोसोमा, हे वेगळेच प्रकरण आहे. ती काचेसारखी पारदर्शक, पानासारखी चपटी असते आणि तिचे पाय अंगापेक्षा लांब असतात. पॅन्युलिरस ऑर्नाटस या उष्ण पाण्यातल्या जातीत ही अवस्था साधारण चार ते सहा महिने चालते आणि तेवढ्यात अळी वीसहून अधिक वेळा कात टाकते. जपानच्या पॅन्युलिरस जॅपोनिकसला दहा-अकरा महिने लागतात.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. रोज फक्त एक टक्का अळ्या मेल्या, तर बारा दिवसांनी शंभरातल्या 89 उरतात, दीडशे दिवसांनी 22 आणि तीनशे दिवसांनी 5. रोजची मर दोन टक्क्यांवर गेली, तर दीडशे दिवसांनंतर जेमतेम 5 हाती लागतात. कोळंबीच्या हॅचरीत जी मर कुणी वहीत लिहीतही नाही, ती इथे अख्खी बॅच संपवते. अंड्यापासून प्युरुलसपर्यंतचा, म्हणजे फायलोसोमानंतरच्या शेवंडाच्या आकाराच्या पोहणाऱ्या अवस्थेपर्यंतचा, प्रवास टाकीत पूर्ण करणे जपानी संशोधकांना 1980 च्या दशकाच्या अखेरीस जमले. ऑर्नाटसवर ऑस्ट्रेलियात, विशेषतः टास्मानियात, बरेच काम झाले आहे. व्हिएतनाममधले पिंजऱ्यातले शेवंडपालन मात्र समुद्रातून धरलेल्या प्युरुलसवरच उभे राहिले.

प्रश्न : नर-मादी टाकीत ठेवून जोड लागते का, की कृत्रिम रेतन करावे लागते? कोळंबीसारखा मादीच्या डोळ्याचा देठ कापावा का?

उत्तर : दोन्हींची गरज नाही. शेवंड टाकीत सहज जुळतो. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा आणि नर मादीएवढा किंवा थोडा मोठा निवडा. ओळख सोपी आहे. जनावर उलटे करा. मादीच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या पायाच्या टोकाला छोटा चिमटा असतो, नराच्या नसतो. मादीची जननछिद्रे तिसऱ्या पायांच्या बुडाशी असतात, नराची पाचव्या पायांच्या बुडाशी. पाय तुटलेले, कवच मऊ असलेले किंवा शेपटीखाली काळे डाग पडलेले जनावर घेऊ नका.

पाणी 26 ते 28 अंश, क्षारता 33 ते 35 पीपीटी (हजारात इतके भाग क्षार), पीएच 8 च्या थोडा वर आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर हवा. दिवस मोठा ठेवा, 14 तास मंद उजेड आणि 10 तास अंधार. लपायला पाइपाचे तुकडे किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक द्या. खाद्य संध्याकाळी टाका : ताजे शिंपले, माकूळ, खेकडे, वजनाच्या तीन ते पाच टक्के. एकाच प्रकारच्या खाद्यावर ठेवलेल्या माद्या अंडी देतात, पण अळी अशक्त निघते. त्याचा पत्ता आपल्याला महिन्याभराने लागतो, म्हणून इथे हात आखडू नका.

जोड लागली, की नर मादीच्या छातीखाली शुक्राणूंचा चिकट लेप चिकटवतो. तो आधी फिकट आणि मऊ असतो, मग घट्ट होऊन काळपट दिसतो. अंडी सोडताना मादी पाचव्या पायाच्या चिमट्याने हा लेप खरवडते, शुक्राणू मोकळे होतात आणि फलन अंगाबाहेरच होते. म्हणून लेपावर ओरखडे दिसले, की शेपटीखाली अंडी शोधा. मधल्या काळात मादीने कात टाकली, तर लेप कातीबरोबर जातो आणि जोड वाया जाते. पोटाला अंडी असताना कात पडली, तर अंडीही गेली.

देठ न कापण्याचे कारणही हेच आहे. डोळ्याच्या देठातल्या ग्रंथीतून अंडाशयाला आवर घालणारी संप्रेरके येतात, तशीच कात रोखणारीही. देठ कापला, की दोन्ही लगाम एकदम सुटतात. शेवंडात अवेळी कात, त्यातली मर आणि निकृष्ट अंडी असा फटका बसतो. जो प्राणी आपणहून अंडी देतो, त्याच्यावर सुरी चालवण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : अंडीवाली मादी केव्हा हलवायची? मागच्या वेळी अळ्या मुख्य टाकीतच फुटल्या आणि फिल्टरमध्ये गेल्या.

उत्तर : अंड्यांच्या रंगावर लक्ष ठेवा. सुरुवातीला ती झगझगीत नारिंगी असतात. मध्यावर डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात, शेवटी घड तपकिरी होतो. 27-28 अंशांना हे सगळे साधारण तीन ते चार आठवड्यांत होते. शेवटच्या आठवड्यात घडाच्या मधून आठ-दहा अंडी चिमट्याने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. डोळे मोठे दिसत असतील आणि हृदयाचे ठोके स्पष्ट असतील, तर मादी हलवा. चिमट्याला धाग्यासारखी बुरशी किंवा पांढरी मेलेली अंडी लागत असतील, तर त्या घडातून चांगली अळी निघेल अशी आशा ठेवू नका.

फुटण्याच्या टाकीत 5 मायक्रॉनचे गाळणे आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) यांतून आलेले पाणी घ्या. तिथे मादीला खायला देऊ नका, उरलेले खाद्य पाणी नासवते. अळ्या बहुधा रात्री ते पहाटे बाहेर पडतात. सकाळी आधी मादी काढा, मग हवा दहा मिनिटे बंद करून एका कोपऱ्यात दिवा लावा. कोवळी फायलोसोमा उजेडाकडे येते. वर आलेल्या अळ्या वाटीने पाण्यासकट उचला, जाळीने नको. दोन मिलिमीटरच्या जिवाचे पाय जाळीच्या धाग्यात अडकले, की तुटतात. तळाशी राहिलेल्या अळ्यांचा मोह सोडा.

प्रश्न : 500 लिटरच्या गोल टाकीत तळाला दोन एअरस्टोन लावून अळ्या ठेवल्या. सातव्या दिवसापासून त्या तळाशी एकमेकींत गुंतलेल्या सापडतात, पाय तुटलेले असतात. खाद्य भरपूर होते.

उत्तर : टाकी चुकली आहे, खाद्य नाही. फायलोसोमाचा जन्म उघड्या समुद्रातला, तिच्या वाट्याला तळ आणि भिंत येतच नाही. सपाट तळाच्या टाकीत ती खाली बसते, तिथे उरलेल्या आर्टेमियाचा (खाद्य म्हणून दिलेल्या बारीक कवचधारी जिवांचा) आणि विष्ठेचा थर असतो, आणि लांब पायांमुळे अळ्यांचा गुंता होतो. सुटायच्या धडपडीत पाय तुटतात. एअरस्टोनच्या बारीक बुडबुड्यांनी आणखी वाईट होते, बुडबुडे अंगाखाली अडकून अळीला पृष्ठभागावर नेतात.

तुम्हाला पाणी उभ्या चक्रात फिरवणारी टाकी हवी : तळ लंबगोल किंवा अर्धगोल, आत कोपरा नाही, भिंती गुळगुळीत. पाणी तळाजवळच्या आडव्या नळीतल्या बारीक भोकांतून भिंतीच्या कडेने वर सोडा, म्हणजे ते एका बाजूने चढेल आणि दुसऱ्या बाजूने उतरेल. वेग एवढाच ठेवा, की अळी तळाला टेकणार नाही, पण पायांनी स्वतःची दिशा बदलू शकेल. अळ्या कोलांट्या खात भिंतीला आपटत असतील, तर नळ थोडा आवळा. बाहेर जाणाऱ्या पाण्याची जाळी मोठ्या क्षेत्रफळाची हवी. जाळी छोटी असली, की ओढ वाढते आणि अळ्या तिच्यावर चिकटून मरतात.

सुरुवातीला लिटरमागे 10 ते 20 अळ्या ठेवा आणि वाढीबरोबर कमी करत जा. शेवटी त्या दोन-तीन सेंटीमीटरच्या होतात, तेव्हा लिटरला एक-दोनही जास्त वाटतात. आठवड्यातून एकदा अळ्या धुतलेल्या, वाळवलेल्या दुसऱ्या टाकीत हलवा. भिंतीवर हात फिरवून बुळबुळीत लागले, तर आठवड्याची वाट पाहू नका.

प्रश्न : आर्टेमिया केव्हा द्यावा, किती द्यावा? आमच्या अळ्यांच्या पोटातला भाग दुधासारखा पांढरा होतो आणि दोन दिवसांत सगळ्या जातात. अँटिबायोटिक चालेल का?

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांचे मूळ बहुधा एकच आहे. आर्टेमियाच्या अंड्यांच्या टरफलांवर व्हिब्रिओ जिवाणू असतात, आणि पांढरे पडणारे ते अळीचे यकृत-स्वादुपिंड, म्हणजे हिपॅटोपॅन्क्रियाज. निरोगी अळीत ते डोक्याच्या पानावर दोन्ही बाजूंना बोटांसारखे पसरलेले, पिवळसर-तपकिरी दिसते. उपाशी अळीत बोटे आकसतात. दुधट झाली, तर जिवाणूंनी ताबा घेतला असे समजा. ती बॅच टाकून द्या, टाकी, नळ्या आणि जाळ्या क्लोरिनने धुऊन वाळवा. अँटिबायोटिकने चार दिवस बरे वाटते, मग तेच जिवाणू औषधाला दाद न देणारे होऊन परततात. पाच महिने औषध देत राहणे हा मार्गच नव्हे.

आर्टेमिया असा करा. अंड्यांची टरफले हायपोक्लोराइटने विरघळवून घ्या आणि वास जाईपर्यंत धुवा. लिटरला साधारण 2 ग्रॅम, 28 अंश, जोरदार हवा आणि उजेड दिला, की 18 ते 24 तासांत पिल्ले निघतात. निघाल्यावर पहिले सात-आठ तास त्यांचे तोंड बंद असते. त्या वेळात शैवाल किंवा डीएचए (ओमेगा-3 मेदाम्ल) तेल घातले, तर ते पाण्यातच राहते. तोंड उघडल्यावर, म्हणजे दुसऱ्या अवस्थेपासून, 12 ते 18 तास पोषक घाला, मग गोड्या पाण्याने धुऊन द्या. फायलोसोमा शिकारीमागे धावत नाही. जे पायांना लागेल, ते धरते. म्हणून मिलिलिटरला एक-दोन आर्टेमिया कायम हवेत. अळी मोठी होईल तसा शैवालावर वाढवलेला, दोन-तीन मिलिमीटरचा आर्टेमिया द्या. मधल्या अवस्थेपासून शिंपल्याचे जननग्रंथीचे मांस बारीक चिरून, पाणी दुधट यायचे थांबेपर्यंत धुऊन द्या आणि दोन-तीन तासांत उरलेले काढा. वाढ त्याने चांगली होते, घाणही त्यानेच होते.

पाण्यासाठी ओझोन वापरत असाल, तर तो अळ्यांच्या टाकीत थेट सोडू नका. समुद्राच्या पाण्यातल्या ब्रोमाइडपासून तिखट ऑक्सिडंट तयार होतात आणि अळीची कात बिघडते. ओझोन वेगळ्या स्तंभात द्या, पाणी कार्बनमधून काढा आणि उरलेले ऑक्सिडंट शून्य आहेत, हे डीपीडी चाचणीने (पाण्याच्या रंगावरून ऑक्सिडंट दाखवणाऱ्या) रोज तपासा.

प्रश्न : प्युरुलस झाली, पण काहीच खात नाहीत. आजारी आहेत का?

उत्तर : नाही. प्युरुलस खातच नाही. फायलोसोमाने साठवलेल्या चरबीवर ती साधारण दोन आठवडे काढते आणि कात टाकून पिल्लू होते. रूपांतरात मर झाली, तर प्युरुलसला दोष देऊ नका, शेवटच्या दोन-तीन कातींमधले फायलोसोमाचे खाणे तपासा. टाकीत जाळीचे झुंबर टांगून ठेवा, त्यांना पकडायला काहीतरी हवे असते.

प्रश्न : पिल्ले एकमेकांना खातात. आकारानुसार वेगळी केली, तरी थांबत नाही.

उत्तर : नुकती कात टाकलेले मऊ पिल्लू हा खरा बळी असतो, आकार दुय्यम. म्हणून पिल्लांच्या संख्येपेक्षा जास्त आडोसे ठेवा, खाद्य संध्याकाळी आणि पुन्हा मध्यरात्री टाका. रात्रभर भुकेली राहिलेली टाकी सकाळी कमी भरते. मोजताना एक फसगत टाळा. कात हुबेहूब पिल्लासारखी दिसते. उचलून पाहा, पाठ आणि शेपटी यांच्या सांध्यात उघडलेली आणि आत पोकळ असेल, तर ती कात. ती रात्रभर टाकीत राहू द्या, पिल्ले तिचा काही भाग खातात. मांस शिल्लक असेल, तर तो मुडदा, तो तेव्हाच काढा.