बिल्डर म्हणतो देवाची करणी, विमा कंपनी म्हणते बांधकामाचा दोष

प्रश्न : आम्ही गृहकर्ज काढून नांदेडमध्ये फ्लॅट घेतला. ऑक्टोबर 2021 मध्ये ताबा मिळाला. 10 जुलै 2024 च्या सकाळी भूकंपाचा धक्का बसला आणि दोन खोल्यांच्या भिंतींना तिरक्या भेगा पडल्या, स्वयंपाकघरात बीमखाली भिंत सुटली, जिन्याजवळच्या कॉलमचं प्लास्टर निघालं. बिल्डर म्हणतो, ही देवाची करणी, मी जबाबदार नाही; हवं तर भेगा बुजवून रंग मारून देतो, पण ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं सगळ्यांनी लिहून द्या. विमा कंपनीने ऑक्टोबरमध्ये क्लेम नाकारला. पत्रात लिहिलंय की 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने अशा भेगा पडत नाहीत. हे काळ्या मातीवरच्या नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि सदोष काम आहे. बँकेचा हप्ता चालूच आहे. सासूबाई रात्री दाराजवळ अंथरूण घालतात. आम्ही कोणाविरुद्ध जावं? दोघांविरुद्ध गेलो तर आमचंच म्हणणं खोटं ठरेल का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. दोघांविरुद्ध जा. तुमचं म्हणणं खोटं ठरणार नाही. भूकंपाने भिंत हलली हे खरं, आणि नीट बांधलेली भिंत त्या हलण्याने फाटायला नको होती, हेही खरं असू शकतं. विमा कंपनीला तुम्ही पहिली गोष्ट सांगायची, बिल्डरला दुसरी. यातलं एकच काय ते निवडा, असं कायदा कुठेही म्हणत नाही. तशी निवड करायला तुम्हाला भाग पाडण्यात फायदा त्या दोघांचा आहे.

दोघंही एकाच आकड्यावर बोट ठेवतायत, हे लक्षात घ्या. बिल्डरच्या मते 4.5 म्हणजे मोठी आपत्ती, विमा कंपनीच्या मते 4.5 म्हणजे काहीच नाही. हा आकडा भूकंपाच्या मुळाशी किती ऊर्जा सुटली ते सांगतो. तुमच्या घराला किती हादरा बसला, ते त्यातून कळत नाही. तो हादरा भूकंपाची खोली, घराचं अंतर, खालची माती आणि मुख्य म्हणजे बांधकाम यांवर ठरतो. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप 6.2 चा होता. जगाच्या मापात तो मध्यमच, पण हजारो माणसं गेली; दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आल्यामुळे. म्हणून नुसत्या आकड्यावरून तुमचा क्लेम उडवता येत नाही आणि बिल्डरची सुटकाही होत नाही.

आता विमा. तुम्ही पाठवलेली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ आहे. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी घरांसाठी ही प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक झालं. भूकंपाचं संरक्षण तिच्यात मुळातच आहे, वेगळा हप्ता भरावा लागत नाही. नकारपत्रातले ‘नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं’ आणि ‘सदोष काम’ हे शब्द पॉलिसीत आहेत खरे, पण ते कुठे आहेत ते पाहा. जमीन खचणे आणि दरड कोसळणे या जोखमीसमोरच्या अपवादांच्या रकान्यात ते आहेत. भूकंपाची ओळ वेगळी आहे आणि तिच्यासमोर हे अपवाद नाहीत. एका जोखमीचा अपवाद उचलून दुसरीला लावता येत नाही. माझ्या मते तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. पॉलिसीचं ते पान तक्रारीला जोडा आणि त्या दोन ओळी अधोरेखित करा.

त्यांचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल : भेगा आधीपासूनच होत्या, काळ्या मातीमुळे. मराठवाड्यात ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घरांना भेगा पाडते, यात शंका नाही. म्हणून धक्क्याआधीचे घराचे फोटो शोधा. वास्तुशांत, वाढदिवस, दिवाळी, ज्यात त्या भिंती दिसतात असा कोणताही फोटो चालेल. मग सोसायटीतर्फे स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. भेगांची दिशा, रुंदी आणि जागा पाहून हादऱ्याची भेग कोणती आणि पाया बसल्याची कोणती, याबद्दल तो आधार देऊन मत देऊ शकतो. त्या दिवशीच्या भूकंपाची वेळ, केंद्र आणि तीव्रता यांची नोंद दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे आहे, तीही जोडा. केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याच्या परिसरात होतं, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. विमा कंपनीने नुकसान पाहायला नेमलेल्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे.

आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला तिथे उभंच राहता येत नाही. एक वर्षाची मुदत असते. ती ऑक्टोबरच्या पत्रापासूनच धरून चाला. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, फक्त दोन्हीकडे एकाच वेळी प्रकरण चालवू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. ती क्लेम नाकारल्यापासून की घटनेपासून, यावर वाद होतात. तो वाद अंगावर कशाला घ्यायचा? 10 जुलै 2024 पासूनच मोजा.

बिल्डरबद्दल. रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतला, कामातला किंवा दर्जातला दोष निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, 30 दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. केला नाही तर भरपाई. तुमची पाच वर्षं ऑक्टोबर 2026 ला संपतात, पण तेवढं थांबू नका. तोंडी बोलणं झालंय, ते पुरेसं नाही. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा आणि ईमेलही करा.

त्याच्या वकिलाने म्हणे ‘रेरामध्येच भूकंप हा अपवाद आहे’ असं सांगितलं. हो, कलम 6 मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ यांच्यासोबत भूकंपाचा उल्लेख आहे. पण ते कलम प्रकल्पाच्या नोंदणीला मुदतवाढ देण्यापुरतं आहे. काम लांबलं तर त्याचा आधार घेता येतो, कच्चं काम झाकायला घेता येत नाही.

‘देवाची करणी’ हा बचावही फुकट मिळत नाही. घटना निसर्गाची होती एवढं दाखवून भागत नाही. तिचा अंदाज बांधणं आणि वाजवी काळजी घेऊन नुकसान टाळणं शक्य नव्हतं, हेही दाखवावं लागतं. तमिळनाडूत रस्त्याखालची मोरी खचून बस कोसळली तेव्हा महामार्ग विभागाने अतिवृष्टीकडे बोट दाखवलं होतं. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. इथे तर धोका बांधकामाआधीच माहीत होता : किल्लारी झाली 1993 ला. खुद्द नांदेड शहराने 2006-07 मध्ये धक्के आणि जमिनीतले आवाज अनुभवले. (हिंगोलीचे मार्च 2024 चे धक्के तक्रारीत लिहू नका, इमारत त्याआधीच उभी होती.) भूकंपाचा विचार करून इमारत कशी आखावी हे सांगणाऱ्या भारतीय मानक क्रमांक 1893 प्रमाणे सर्वांत कमी धोक्याच्या विभागातही इमारतीच्या आराखड्यात भूकंपाचा भार धरावाच लागतो. तो धरला होता का, हे मंजूर रचना-नकाशांवरून आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्यावरून कळेल. ही कागदपत्रं सोसायटीला देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. देत नसेल तर महानगरपालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा.

महारेराकडे, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार शक्यतो सोसायटीने करावी, कारण कॉलम आणि पाया कोणा एकाचे नाहीत. तुमच्या भिंतींची तक्रार तुम्ही वेगळी जोडा.

आणि तो ‘तक्रार नाही’चा कागद. त्यावर सही करू नका, शेजाऱ्यांनाही समजावून सांगा. रंग लागला की पुरावा गेला आणि सही झाली की हक्क अडचणीत आला. शिवाय विमा कंपनीने तुम्हाला पैसे दिले की तेवढ्या रकमेसाठी बिल्डरवर दावा करण्याचा अधिकार तिच्याकडे जातो. तुम्ही आधीच बिल्डरला मोकळं केलंत, तर कंपनी त्याच कारणाने तुमचे पैसे अडवू शकते. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येणार नाही, म्हणून दोन्ही तक्रारींत दुसरीचा उल्लेख स्वच्छपणे करा. लपवलं तर तेच तुमच्या विरुद्ध वापरतील.

हप्ता मात्र भरत राहा. भिंत फाटली म्हणून कर्ज थांबत नाही, आणि थकलं तर बँकेची कारवाई हे तिसरं संकट उभं राहील. ओढाताण होत असेल तर हप्ते पुनर्रचित करून मिळावेत असा लेखी अर्ज बँकेला द्या. पॉलिसीवर बँकेचं नाव आहे, त्यामुळे क्लेमची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते. त्याबद्दल आत्ताच बोलून ठेवा. तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घ्या. सरकारी मदत अंशतः पडझडीला तुटपुंजी असते, पण तो कागद पुरावा म्हणून मोलाचा आहे.

मला सर्वांत जास्त काळजी जिन्याजवळच्या कॉलमची वाटते. नुसतं प्लास्टर निघालंय की आतल्या काँक्रीटला तडा आहे, हे इंजिनिअरला याच आठवड्यात दाखवा, कागदपत्रं नंतर. त्याने टेकू द्यायला सांगितलं तर फोटो काढून लगेच द्या. तातडीची सुरक्षेची कामं केल्याने क्लेम बुडत नाही. आणि घर राहण्याजोगं नाही असं त्याने लेखी दिलं, तर सासूबाईंना घेऊन भाड्याच्या घरात जा. पर्यायी घराच्या भाड्याची तरतूद याच पॉलिसीत आहे. भाडेकरार नोंदवा, पावत्या जपा आणि ती रक्कम क्लेममध्ये वाढवून मागा.