कडी की लटकन?

प्रिय दोस्ता,

तुझ्या स्केटबोर्डिंग व्हिडिओ गेमचा डेमो खेळलो, सोबतची चौदा कलमी यादीही वाचली. डेमोत अजून मॅन्युअल (दोन चाकांवर तोल सांभाळत जायची ट्रिक) धड लागत नाही आणि यादीत मात्र सायकल, पाऊस, गोष्ट सांगणारे कट-सीन आणि एक सेलिब्रिटी स्केटर! वर तुझा प्रश्न: 'टोनी हॉकची स्केटबोर्डिंग गेमची मालिका तेच तेच देत राहिल्यामुळे बुडाली, मग मी दर अपडेटला नवीन काय देऊ?' प्रश्नाचा पहिला अर्धा भागच चुकलाय. दुसऱ्या अर्ध्यावर अडून बसलायस तो त्यामुळेच.

नवीन काही दिलं नाही म्हणून ती मालिका बुडाली, असं झालंच नाही. १९९९ ते २००७ या काळात नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओने दर वर्षी एक असे नऊ मुख्य गेम काढले आणि प्रत्येकात काही ना काही नवं होतं. बघायचं ते एवढंच, की नवं कुठे जोडलं. या गेमचा जीव कॉम्बोत, म्हणजे न थांबता एकामागून एक केलेल्या ट्रिकच्या साखळीत आहे. नवीन गोष्ट साखळीत कडी म्हणून बसली तर गेम वाढतो. बाहेरून लटकन म्हणून अडकवली तर नुसतं वजन वाढतं. हे मी पत्रभर पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तयारीत राहा.

मॅन्युअलचंच बघ. १९९९च्या पहिल्या गेममध्ये सपाट जमिनीवर उतरलं की कॉम्बो संपायचा. ट्रिकच्या गुणांची बेरीज गुणिले ट्रिकची संख्या, हे गणित तेव्हाही होतं, पण एका रेलवरून (घसरत जायच्या दांड्यावरून) दुसऱ्या रेलपर्यंत जाताना मध्ये जमीन आली की सगळं संपलं. २००० सालच्या दुसऱ्या भागात वर-खाली दाबून दोन चाकांवर तोल सांभाळत पुढे जाता येऊ लागलं. एका मॅन्युअलने मधली सगळी मोकळी जमीन खेळात आली. २००१च्या तिसऱ्या भागात रिव्हर्ट आला: रॅम्पवर उतरता उतरता कंट्रोलरचं आर-टू बटण दाबायचं, बोर्ड वळतो, लगेच मॅन्युअल. त्याआधी हाफपाइपमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या दोन वक्र उतारांत, कमावलेलं हाफपाइपमध्येच राहायचं. आता ते रस्त्यावर आणता येऊ लागलं. २००२च्या चौथ्या भागातला स्पाइन ट्रान्सफर म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅम्पमधली कडी. तिन्ही गोष्टी एका बटणात किंवा दोन बाणांत मावतात, एकीलाही कट-सीन लागत नाही.

आता तुझ्या डेमोत हे का बसत नाही ते सांगतो. तुझा स्केटर सेकंदाला १० मीटर धावतो, ओली, म्हणजे बोर्डसकट मारलेली उडी, ०.८ सेकंद हवेत राहते, म्हणजे ८ मीटरची. दोन रेलमध्ये तू २२ मीटर ठेवलेत. पहिल्या रेलवरून उतरताना ८ गेले, दुसऱ्या रेलवर चढताना साधारण ६ जातील, कारण रेल उंच आहे आणि उडी लवकर संपते. उरले ८ मीटर, म्हणजे ०.८ सेकंदाचं मॅन्युअल. अंतर उत्तम आहे, त्याला हात लावू नकोस. बिघडलंय ते बटण वाचण्यात. वर-खाली हे तू जमिनीला चाकं टेकल्यानंतरच वाचतोस, आणि खेळणारा ते हवेत असतानाच दाबतो. टेकण्याआधीचं पाव सेकंद धर. सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशेबात पंधरा फ्रेम. तेवढ्या काळात वर-खाली आलं असेल तर टेकताक्षणी मॅन्युअल सुरू कर.

मग दुसरी भानगड होईल: तुझ्या स्पेशल ट्रिकही दोन बाण अधिक एक बटण अशाच आहेत. वर-खाली येऊन नऊ फ्रेमच्या आत बटण आलं तर ती स्पेशल, नाही आलं तर मॅन्युअल. हा नियम नसेल तर खेळणाऱ्याला वाटेल की गेम मनाला येईल ते करतो, आणि एकदा तसं वाटलं की तो परत येत नाही.

मॅन्युअलमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या तोलाच्या काट्याबद्दल एक. प्रत्येक नव्या मॅन्युअलला तू काटा मध्यावर आणून सोडतोस. त्यामुळे सपाट जमिनीवर मॅन्युअल-ओली-मॅन्युअल करत कोणीही तासभर कॉम्बो ओढेल. काट्याची ओढ त्या कॉम्बोत जितकी वाढली असेल तिथूनच पुढे चालू दे. शंभराव्या ट्रिकला हात थरथरला पाहिजे.

आता उतरणीकडे. मालिकेतल्या २००३च्या अंडरग्राउंडमध्ये बोर्डवरून उतरून चालता येऊ लागलं. तिला मी अर्धी कडी म्हणतो: पायी असतानाही थोडा वेळ कॉम्बो जिवंत राहायचा, भिंतीवर चढून पुढचा रेल पकडता यायचा. गोष्टही होती, दगाबाज मित्र होता, गेम झकासच होता. पण तिथून पुढे निर्माते लटकनांच्या नादी लागले. २००४च्या दुसऱ्या अंडरग्राउंडमध्ये खोड्या आणि टवाळखोरी. २००५च्या अमेरिकन वेस्टलँडमध्ये 'सगळं लॉस एंजेलिस एकसंध' ही जाहिरात. प्रत्यक्षात एका भागातून दुसऱ्यात जायला लांबलचक बोळ, ज्यांत करण्यासारखं काही नाही. साखळी तुटत नव्हती, पण तिच्यात घालायला कडीच नव्हती. शिवाय बीएमएक्स सायकल, वेगळ्या नियंत्रणांची, म्हणजे शेजारी दुसराच गेम. तुझ्या यादीतही सायकल आहे. काढ.

२००६च्या प्रोजेक्ट ८ मधल्या 'नेल द ट्रिक'वर तू लट्टू आहेस हे मला माहीत आहे. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकदम आत दाबायच्या, वेळ मंदावते, डावी काडी डावा पाय, उजवी काडी उजवा. दिसतं देखणं. पण ज्या गेमची मजा घाईत आहे, त्याला मध्येच घाई सोडायला लावायची? पुढच्या वर्षीच्या प्रूव्हिंग ग्राउंडमध्ये त्याला ग्रॅब (हवेत बोर्ड हाताने पकडणं) आणि मॅन्युअल अशी भावंडंही जोडली.

तू म्हणशील, त्याच वर्षी आलेल्या ईए कंपनीच्या 'स्केट' या गेमने बाजी मारली, म्हणजे लोकांना वास्तवच हवं होतं. इथे तू घाई करतोयस. 'स्केट'मध्ये उजवी काडी खाली ओढून वर फटकारली की ओली. सगळ्या फ्लिप ट्रिक (बोर्ड पायाखाली फिरवणाऱ्या) त्याच एका हालचालीतून निघतात. त्यांनी मुळातच दुसरी साखळी ओवली, आणि तिच्यात लटकन नव्हतं. नेव्हरसॉफ्ट मात्र जुन्या साखळीवर नव्याचा मुलामा चढवत राहिलं. लोकांनी निवडलं ते सुटसुटीतपण.

मालिकेतला २००९चा राइड म्हणजे कळस. रोबोमोडो या दुसऱ्या स्टुडिओने चाकं नसलेला प्लास्टिकचा बोर्ड दिला, कडेला इन्फ्रारेड सेन्सर, किंमत १२० डॉलर. दहा वर्षं खेळणाऱ्यांची बोटं जे शिकली होती ते सगळं एका फटक्यात निकामी. सर्वांत सोप्या पातळीवर तर गेमच वळणं घ्यायचा, आपण फक्त डुलायचं. पुढच्या वर्षी श्रेड आला, तोही त्याच बोर्डवर.

आणि २०१५चा पाचवा भाग. हा प्रत्येक होतकरू डिझायनरने एकदा खेळावा, शिक्षा म्हणून. डिस्कवर ४.६ जीबी, पहिल्याच दिवशी डाउनलोड करायचा पॅच ७.७ जीबी, पॅचशिवाय शिकवणी आणि पार्क बनवायचं साधन, एवढंच चालायचं. लोक यालाच हसले. मला खरी खटकते ती छोटी गोष्ट. त्यांनी 'स्लॅम' आणला: हवेत असताना बटण दाबलं की स्केटर सरळ खाली आदळतो. आणि ते बटण कुठलं? ग्राइंडचंच, म्हणजे रेलवर चढून घसरायचं. रेल पकडायला क्षणभर आधी दाबलं की रेल सोडून जमिनीवर. सोळा वर्षं बोटांत मुरलेली सवयच त्यांनी सापळा केली. लटकन निदान बाजूला लोंबतं, याने कडीच कापली.

२०२०मध्ये व्हिकॅरियस व्हिजन्स या स्टुडिओने पहिले दोन भाग नव्याने केले तेव्हा जुन्या लेव्हल तशाच ठेवून त्यांत रिव्हर्ट, स्पाइन ट्रान्सफर, वॉलप्लांट (भिंतीवरून उलट उसळी) आणले. म्हणजे नंतरच्या फक्त कड्या घेतल्या, बाकी सोडलं. ज्याला हवं त्याला जुन्या भागापुरत्याच ट्रिक ठेवण्याचीही मुभा. दोन आठवड्यांच्या आत दहा लाख प्रती गेल्या. त्यानंतर हा स्टुडिओ ब्लिझर्ड या दुसऱ्या गेम कंपनीत विलीन झाला आणि त्यांच्या हातून तिसरा-चौथा भाग व्हायचा राहिला. ते काम २०२५मध्ये आयर्न गॅलेक्सी या स्टुडिओने केलं आणि चौथ्याच्या लेव्हलनाही दोन मिनिटांचं घड्याळ लावलं. मी दोन मिनिटांच्या घड्याळाचा कट्टर माणूस, तरी सांगतो, तिथे ते लटकनच. त्या लेव्हल माणसांशी बोलून कामं घ्यायच्या बेताने आखलेल्या, अंतरं लांब. वेळ वाढवायची सोय दिली, पण लेव्हलची आखणी सेटिंगमधून बदलत नाही.

मला हेकट म्हणतात हे तुझ्या कानावर आलंच असेल. कल्पना आवडली तरी मी कापतो, आणि मुलं नाराज होतात. होऊ देत. चांगल्या कल्पना कापल्या म्हणून गेम मेल्याचं मी पाहिलेलं नाही. न कापल्यामुळे काय होतं ते वर नावानिशी लिहिलंय. तुझ्यावर चिडलो तरी तुझ्या हातात कसब आहे. तुझी ग्राइंडची पकड, रेलच्या पाऊण मीटर अलीकडून ओढून घेणारी, मोठमोठ्या गेमना जमलेली नाही. म्हणूनच ही यादी बघून डोकं फिरलं.

पुढची बिल्ड, म्हणजे डेमोची पुढची आवृत्ती, अशी कर. एकच करडी लेव्हल, टेक्श्चर नको, संगीत नको. दोन रेल, एक क्वार्टर पाइप (एकच वक्र उतार), मध्ये सपाट जमीन. दोन मिनिटांचं घड्याळ, आणि पडल्यावर एका सेकंदाच्या आत पुन्हा उभं. यादीतलं प्रत्येक कलम या लेव्हलमध्ये एकेक करून घाल. ते आल्यावर दोन जागांमध्ये आधी नव्हता असा रस्ता तयार झाला तर ठेव. नाही झाला तर काढ, कितीही देखणं असो. पावसाचं म्हणशील तर ओल्या जमिनीवर मॅन्युअल लांब घसरत असेल तरच पाऊस पाड. नुसते थेंब नकोत.

आणि कीबोर्ड तपास. आपल्याकडे तुझा डेमो बरेच जण त्यावरच खेळतील. स्वस्त कीबोर्डवर दोन बाण आणि एक अक्षर एकदम दाबलं की कधी कधी तिसरी की पोचतच नाही, आणि माणूस तुझ्या कोडला शिव्या घालतो. ओली स्पेसबारवर ठेव, फ्लिप, ग्रॅब आणि ग्राइंडची अक्षरं बदलता येतील अशी सोय दे आणि तीन-चार वेगवेगळ्या स्वस्त कीबोर्डवर वर-डावा-अक्षर, खाली-उजवा-अक्षर अशा सगळ्या जोड्या दाबून बघ. ज्या अडतील त्यांची नोंद बिल्डसोबत पाठव.