जुन्या गाडीचं स्टीअरिंग ८०-९० च्या वेगाला थरथरतं. मेकॅनिक शॉकअप बदला म्हणतो. बदलू का?

नका बदलू. शॉकअप गेले की गाडी खड्ड्यानंतर झुलत राहते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुतेक वेळा फिरणाऱ्या वस्तूची असते. शॉकअप फिरत नाही.

माझ्या गाडीला हाच त्रास होता. गॅरेजवाल्याने आधी शॉकअप बदलले, मग लिंक रॉड, मग लोअर आर्म. दर वेळी, "आता बघा, लोण्यासारखी चालेल." अलाइनमेंटही केली. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल तर ती करावी, थरथरीशी तिचा काय संबंध? बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का ते तपासलं, मशीनवर शून्य आलं, थरथर जिथल्या तिथे. त्यावर आमचे साडू चारचौघांत म्हणाले, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. विकून मोकळे व्हा." वयाने थरथर येते हे यांना कोणी सांगितलं देव जाणे.

मग मी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली. थरथर स्टीअरिंगमधून निघून सीटखाली गेली. म्हणजे दोष चाकाबरोबर गेला, सस्पेन्शनवरचा (शॉकअप, आर्म वगैरेंवरचा) संशय मिटला. ती दोन चाकं एकेक करून जॅकवर घेतली, नक्षीजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला आणि हाताने फिरवली. एकाची रिम सरळ फिरत होती, पण रबर एका जागी वर येऊन टोकाला घासत होतं. आतला स्टीलचा पट्टा सुटलेला. साधं बॅलन्सिंग मशीन वजन बघतं, टायर गोल आहे का ते बघत नाही, म्हणून असल्या टायरलाही शून्य येतं.

"पण नक्षी तर भरपूर आहे!" हे पुन्हा साडूच. असणारच. गाडी कमी चालली की नक्षी टिकते, रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होतं. टायरच्या कडेवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मी तो कोड त्यांना वाचून दाखवला, तर म्हणे चष्मा नाही आणला.

आता तुमचं. थरथर फक्त ब्रेक मारताना येत असेल तर डिस्क बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येऊन सोडल्यावर जात असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला आर्मशी जोडणारा सांधा. डावी-उजवीकडून हलवल्यावर लागला तर बहुधा टायरॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक. ढिले बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) थरथर वाढवतात हेही खरं, त्यामुळे सस्पेन्शन अगदीच निर्दोष असं मी म्हणणार नाही. बॉल जॉइंटमध्ये प्ले निघाला तर गाडी चालवूच नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा. चाकांची अदलाबदल पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे असतील तरच करा.

आणि गाडी विका म्हणणारं कुणी घरात असेल, तर चाकं बदलून झाल्यावर त्यांना शेजारी बसवूनच ९० ला न्या. मागच्या सीटवर नको.