एएस४०० सांभाळायला तरुण मुलं मिळत नाहीत, सगळं नव्याने लिहून काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेर्ण्याला कारखाना, स्टोअरपासून बिलांपर्यंत सगळं एएस४०० या आयबीएमच्या जुन्या धाटणीच्या संगणकावर, ते जाणणारे दोघंही येत्या वर्षी निवृत्त होणार, आणि मुलाखतीला आलेली मुलं काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघून गेली की पुन्हा फोन उचलत नाहीत. वर साहेब म्हणतात, सगळे प्रोग्राम एकदाच जावा भाषेत करून टाकू.

मी पणजीत एका औषध वितरकाकडे १९९६ पासून याच मशीनवर आहे. एकदाच करून टाकायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो होतो. बाहेरच्या एका कंपनीने आमचे आरपीजी (या मशीनची नेहमीची भाषा) प्रोग्राम एका टूलमधून काढून जावा करून दिले. वर्षभर खर्ची पडलं. हातात जे आलं ते जावा होतं खरं, पण व्हेरिएबलांची नावं तीच सहा अक्षरी, इंडिकेटर, म्हणजे हो-नाही लक्षात ठेवणाऱ्या नुसत्या आकड्यांच्या खुणा, तेच एक ते नव्व्याण्णव. जावाच्या मुलांना त्यातलं ओ की ठो कळेना आणि आम्हाला जावा येईना. शेवटी जुनंच चालू ठेवलं.

त्या भाषांतरात एक ओळ मात्र अगदी बिनचूक उतरली होती. तिची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे डिचोलीची एक मुलगी आहे, फर्मागुढीला इंजिनिअरिंग केलेली. बिलांचा प्रोग्राम वाचताना एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. "सर, हें कितें?" प्रोग्राममध्ये लिहिलं होतं की मार्ग क्रमांक ०७ असेल आणि वेळ १५०० च्या पुढे गेली असेल, तर बिलाच्या तारखेत एक मिळव. शेजारी शेरा नाही, काही नाही. ०७ म्हणजे म्हापसा. मी ती ओळ वीस वर्षं बघत होतो आणि हात लावत नव्हतो, कारण चाललंय ना! मलाही उत्तर माहीत नव्हतं. तिने सरळ आमच्या अण्णांना फोन लावला. अण्णा आमच्याकडूनच निवृत्त होऊन कवळ्याला घरी असतात. ते हसायलाच लागले. "अगो बाय, पूल पडिल्लो मगो तेन्ना!"

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पुढे नवा पूल होईपर्यंत गाड्या फेरीबोटीच्या रांगेत. दुपारी तीननंतर निघालेला माल त्या दिवशी म्हापशाला पोचायची खात्री नाही, म्हणून बिलावर दुसऱ्या दिवसाची तारीख. हा नियम आधी कोबोल या जुन्या भाषेत होता, दुसऱ्याच मशीनवर. १९९४ ला एएस४०० घेतलं तेव्हा कुणीतरी तो ओळीला ओळ लावून आरपीजीत आणला. तोवर नवा पूल उभा होता. मग आमच्या जावावाल्यांनीही तो इमानेइतबारे उतरवून घेतला.

आता हे कुठल्या टूलला कळणार? कुठली ओळ अजून जिवंत आहे आणि कुठली पुलाबरोबरच संपली, हे माणसांना विचारल्याशिवाय ठरत नाही. आणि जुन्या माणसांना विचारायचं सुचतं ते नव्या माणसालाच. आमच्यासारख्यांची नजर मेलेली असते. म्हणून मशीन बदलण्यापेक्षा तुमच्या त्या दोघांशेजारी आत्ताच कुणीतरी तरुण बसवा.

राहिली मुलं पळण्याची गोष्ट. माझ्या अनुभवात ती भाषेमुळे पळत नाहीत, हत्यारांमुळे पळतात. २०१५ च्या सुमारास आलेल्या पहिल्या मुलाला आम्ही एसईयू या मशीनवरच्या जुन्या एडिटरसमोर (प्रोग्राम लिहायच्या पडद्यासमोर) बसवलं. माऊस चालत नाही, प्रत्येक गोष्ट ठरलेल्या कॉलममध्ये, सातव्या कॉलममध्ये तारा पडला की अख्खी ओळ शेरा म्हणून गप्प. पोरगा पाच आठवड्यांत बंगळूरला गेला. त्याचं काही चुकलं नाही. आयबीएमने स्वतःच एसईयूमधली चुका पकडणारी तपासणी मशीनच्या ६.१ आवृत्तीनंतर सुधारायची सोडली, नव्या पद्धतीची आरपीजी त्याला कळतही नाही. आणि आम्ही मात्र त्यालाच तुळशीवृंदावनासारखं जपत होतो.

डिचोलीच्या मुलीला पहिल्या दिवशीच व्हीएस कोड हा आजच्या मुलांच्या ओळखीचा एडिटर दिला. त्यात 'कोड फॉर आयबीएम आय' हे एक्स्टेन्शन फुकट मिळतं. सगळा सोर्स (प्रोग्रामांचा लिहिलेला मजकूर) आधी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकला, नाहीतर बीआयएलएल१, बीआयएलएल१एक्स आणि बीआयएलएल१जुना या एकाच प्रोग्रामच्या प्रतींपैकी खरी कुठली हे अण्णाच सांगणार. आरपीजीत गणिताचा भाग कॉलममधून २००१ ला सुटला आणि २०१३ ला बाकीच्या घोषणांचं बंधनही गेलं. २०१५ पासून तर पहिल्या ओळीत दोन तारे आणि फ्री लिहिलं की कोड कुठूनही सुरू करा. नवीन पद्धतीची आरपीजी दाखवली तर कॉलेजमधून आलेली मुलं दोन दिवसांत वाचतात. पायथन, नोड ही मुलांच्या ओळखीची साधनंही त्याच मशीनवर चालतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र एका साध्या गोष्टीचा. डीबी२ हा डेटाबेस मशीनच्या पोटातच आहे. जुन्या फायलींवर आम्ही एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) व्ह्यू, म्हणजे तीच माहिती वेगळ्या नावांनी दाखवणाऱ्या खिडक्या, बांधले, त्यात सहा अक्षरी नावांच्या जागी 'ग्राहक_क्रमांक', 'मुदत_तारीख' अशी समजणारी नावं (आमच्याकडे इंग्रजीत आहेत, पण कल्पना तीच). जुन्या प्रोग्रामांना धक्का लागत नाही, नव्या मुलांना ओळखीचं एसक्यूएल मिळतं. त्यावर त्या मुलीने गोदामवाल्यांसाठी मोबाईलवर साठा बघायची सोय केली. चवथीच्या आधीच्या गर्दीत गोदामातला माणूस फोनवर आकडा बघतो म्हटल्यावर आमच्या साहेबांचं जावा-जावा बंद झालं.

जाहिरातीत 'एएस४००' एवढंच लिहू नका. एएस४०० आलं १९८८ ला, पण आजचं मशीन तेव्हाचं नाही. नाव आता आयबीएम आय आहे, ते पॉवर सर्व्हरवर चालतं आणि नव्या आवृत्त्या येत असतात. १९९५ ला हे घराणं ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेलं तेव्हा बहुतेक प्रोग्रामांचा सोर्स पुन्हा कम्पाईल करावा लागला नाही, मशीनने आपणच भाषांतर करून घेतलं. मुलाखतीत मी हे सांगतो. ज्याचे डोळे चमकतात त्याला घेतो. परीक्षा एसक्यूएलची घेतो, आरपीजीची नाही. आवडलं तर घरी बसून हात बसवायला पब४०० या इंटरनेटवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या मशीनवर फुकट खातं मिळतं, तेही सांगून ठेवतो.

दोन गोष्टी पैशाच्या. एकटं मूल घेऊ नका, दोन घ्या. चाळीस-पन्नाशीच्या माणसांत एकटा पडलेला मुलगा जेवणाच्या सुट्टीत नोकऱ्या शोधतो. आणि पगार पुण्याच्या जवळपास द्या. गोव्यात घरी राहायला मिळतं म्हणून पोरं थोडं कमी घेतील, अर्ध्यावर नाही घेणार. बाँड लिहून घ्यायचा विचार असेल तर सोडा. आम्ही घेतला होता, मुलगा बाँडचे पैसे भरून गेला.

आणि उशीर करू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीरपणे सांगायची वेळ आली होती, बेरोजगारी भत्त्याची यंत्रणा जुनी आणि तिच्यावर एकदम लोंढा आलेला. तुमच्याकडे अजून वर्ष आहे. त्या दोघांना आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या ठेवा, प्रोग्राम उघडून पोरांनी फक्त "हे का?" विचारत जायचं आणि उत्तर तिथेच शेरा म्हणून लिहायचं.

तीनच्या पुढची ती ओळ आम्ही काढली. पंधरा दिवसांनी म्हापशाच्या एका दुकानदाराचा फोन आला, चेक एक दिवस आधी का लागला म्हणून. इतकी वर्षं त्याला उधारीचा एक दिवस जास्त मिळत होता. मुलीने त्याला पुलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, तेव्हा मी शाळेत होतो, दुकान माझे वडील बघायचे.