कर्जावर सही दोघांची, मग फेडणार कोण?

"मॅडम, हप्ते त्यांनीच भरायचे असं निकालात लिहून घेतलं, की बँक माझ्या मागे लागणार नाही ना?"

मी समुपदेशक; संमतीने वेगळं होणाऱ्या बायकांचा मला हा नेहमीचा प्रश्न. उत्तर ऐकून त्या गप्प होतात, कारण बँक मागे लागते. घटस्फोटाचा करार नवरा-बायकोतला असतो, बँकेची त्यावर सही नसते. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव आहे तोवर थकलेला हप्ता तुमच्याकडेही मागितला जातो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तीही तुमचीच बिघडते.

एका शिक्षिकेची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, गृहकर्ज मात्र दोघांच्या. वेगळे राहू लागल्यावर त्याने कर्जावर गाडी घेतली आणि पोटगीच्या अर्जावर म्हणणं मांडलं, पगार हप्त्यांतच जातो. घरची मंडळी तिला सांगत होती, वकील लावू नकोस, भांडण वाढेल. मला हे पटत नाही. मनाचं ओझं माझ्यासमोर मोकळं करता येतं, पण कर्जाचे कागद मी वाचून भागत नाही. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

वकीलबाईंनी आधी त्याच्या मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र मागितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून ते दोघांनाही द्यावं लागतं. पगारपत्रक आणि बँकेचे उतारे समोर आल्यावर गाडीच्या कर्जाची तारीख उघडी पडली. स्वतःच्या हौसेचे हप्ते दाखवून पोटगी टाळता येत नाही, हा मुद्दा कोर्टाने मानला. पुढे पोटगी थकली तेव्हा ती म्हणाली, "बघू, देतील." वकीलबाईंनी बघत बसू दिलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५) पोटगीच्या थकबाकीसाठी वसुलीचं वॉरंट हवं, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

मग तडजोड ठरली: फ्लॅट त्याला, तिला एकरकमी पैसे. खरी कसोटी इथे होती. संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि शेवटचा जबाब यांत साधारण सहा महिने जातात. तेवढ्यात बँकेकडून तिचं नाव कमी करून घ्यायचं आणि तसं पत्र हाती आल्याशिवाय शेवटचा जबाब द्यायचा नाही, असं वकीलबाईंनी अटींतच घातलं. निम्मी रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने.

बँक आधी नाही म्हणाली, त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नव्हतं. गाडी विकल्यावरही कमीच पडलं. शेवटी त्याचा भाऊ सहकर्जदार झाला, आणि तेव्हा कुठे पत्र आलं. ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली आणि पहिला प्रश्न तिने जावेबद्दल विचारला: "तिला माहीत असेल का हो, नवऱ्याने कशावर सही केलीय ते?"